काजवेकाकांची बाही

ऑफिसात त्यांना सगळे काजवेकाका म्हणत. जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊन अंधाऱ्या खोल्यांतून फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? कुठे चोरी झाली, मारामारी झाली की पोलीस त्यांना बोलावून घेत. काका पडदे ओढत, चष्मा चढवत आणि सगळ्यांना गप्प करून दहा मिनिटं नुसते उभे राहत. डोळ्यांना अंधाराची सवय झाल्याशिवाय दिवा लावणार नाही म्हणजे नाही! मोठमोठे साहेब चुळबुळत, काका ढिम्म. मग दिवा लागला की एरवी न दिसणारं दिसू लागे. लाळेचा डाग चमके, कपड्याचा धागा चमके. रक्त मात्र चमकत नाही, काळंकुट्ट दिसतं.

घरी हा दिवा आणायला सक्त बंदी होती. लग्नानंतर त्यांनी मोठ्या हौसेनं बायकोला तिचा पुसून लख्ख केलेला ओटा त्या उजेडात दाखवला होता. आठवडाभर ती बोलली नव्हती. त्यानंतर काकांचं तिच्याकडे एवढंच मागणं राहिलं, की कामाचे शर्ट साध्या साबणानं धुवायचे. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत असं काहीतरी असतं, की त्या उजेडात कपडा निळा झळकतो. काकूंनी तीस वर्षं हे बिनबोभाट पाळलं.

यंदा बहिणीच्या आजारपणात काकू आठ दिवस तिकडे गेल्या आणि घर नव्या सुनेच्या हाती आलं. मोठी गुणाची पोर. सासऱ्यांचे पिवळट शर्ट बघून तिचा जीव तुटला. चांगल्या भारीतल्या पावडरीत भिजवून, घासून, कडक इस्त्री करून तिनं सकाळी एक शर्ट पुढे केला. कुणी काही म्हटलं तर सांगा हं बाबा, असंही म्हणाली. आमचे काका घाईत. बरा दिसतोय, म्हणाले आणि निघाले. उजेडाच्या या पंडिताला स्वतःच्या अंगावरचं काही दिसलं नाही बघा.

त्या दिवशी एका दवाखान्यातलं औषधांचं कपाट फुटलं होतं. काकांनी कपड्यांवरून झगा चढवला, पण हात पडले लांब. शर्टाची बाही बोटभर बाहेर राहायची ती राहिलीच, आणि हात दिव्याच्या मागे असल्यानं तिच्यावर उजेड पडलाच नाही. कपाटाच्या तुटक्या कडीत निळा झळकणारा धागा सापडला. साफसफाई करणाऱ्या मावशींचा पांढरा एप्रन तसाच झळकत होता. झालं! इन्स्पेक्टर खूश. मावशींना ठाण्यात बसवलं. काकांचा कागद आला की अटक. घरी नवरा अंथरुणावर आहे, त्याला पाच वाजता औषध द्यायचंय, एवढंच ती बाई सारखं सांगत होती.

प्रयोगशाळेत काकांनी दोन्ही धागे भिंगाखाली घेतले. एप्रनचा धागा मिश्र, कडीतला शुद्ध सुती. जुळेना. पुन्हा दिव्यात बघावं म्हणून अंधार करून त्यांनी दिवा लावला, चिमटा घ्यायला हात पुढे केला आणि स्वतःची बाही निळीशार झळकली. काकांनी खोलीतला साधा दिवा लावला. मग बाहीचा एक धागा कापून भिंगाखाली धरला. हुबेहूब तोच.

तीस वर्षांत एक डाग नाही, निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि आता हे! पण घड्याळात साडेतीन झाले होते. त्यांनी इन्स्पेक्टरला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

इन्स्पेक्टर मनानं चांगला. म्हणाला, "काका, धागा निरुपयोगी, एवढंच लिहा ना. कुणाला कळतंय?"

"तेवढ्यानं त्या बाईंवरचा संशय जात नाही, साहेब. धागा माझा आहे. माझं नाव लिहा."

लिहिलं. काकांवर ठपका बसणार हे ठरलेलंच होतं. काका दुसरा झगा चढवून, बाह्या आत खोचून पुन्हा दवाखान्यात गेले. साधी बॅटरी आडवी, अगदी टेकवून धरत त्यांनी सगळं तपासलं. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावरच्या धुळीत बुटाचा ठसा उठून दिसला. मावशींची दोन्ही पावलं त्यात मावली असती. पाचाच्या आधी बाई घरी पोचली.

काका घरी आले तर सून दारातच उभी. शर्ट कुणाच्या लक्षात आला का, तिनं विचारलं. काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. केवढी आशा होती पोरीच्या डोळ्यांत.

"सगळ्यांच्या," ते म्हणाले. "साहेबांनी तर कागदावर लिहून घेतलं."

पोर अशी खुलली! मग बाकीचेही आजच भिजवते, म्हणाली.

"नको गं. कामाला जुनेच बरे," काका म्हणाले. "हा एक मात्र जपून ठेव. निरोपाच्या दिवशी हाच घालीन."