अकरा वेळा कडी

दादा गेल्यावर सोसायटीतले लोक भेटायला आले आणि म्हणाले, माणूस फार व्यवस्थित होता. खरं आहे. झोपण्याआधी तो दाराची कडी अकरा वेळा लावायचा आणि सिलिंडरचा नॉब अकरा वेळा बंद करायचा. दर वेळी विचारायचा, "बघितलंस ना?" पुस्तकातून मान वर न करता मी म्हणायचे, "बघितलं." मी कधीच बघितलं नव्हतं.

आई-वडिलांनंतर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी कॉलेजात मराठी शिकवायचे. तो खडकीला एका कारखान्यात तपासनीस होता. पुढे सगळेच कॉम्प्युटर शिकू लागले तसा तोही शिकला, आणि सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर एका कंपनीत लागला. तिथे त्याच्या आजाराला पगार मिळू लागला. इतरांना न सापडलेल्या चुका त्याला सापडायच्या. घरी मात्र कडी वाजत राहायची. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकदा जिन्यात म्हणाले, "काय हो, तुमच्या दाराची कडी रोज रात्री पळून जाते का?" दादा माझ्या मागेच उभा होता. मी हसले.

कंपनीच्या पार्टीहून तो पहिल्यांदा पिऊन आला, त्या रात्री कडी एकदाच वाजली. मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहत पडून राहिले. आलं ते त्याचं घोरणं. कित्येक वर्षांनी मी सलग झोपले.

मग तो बाटली घरी आणू लागला. मी हरकत घेतली नाही. कपाटात शब्दकोशांच्या मागे तिला जागा करून दिली. जेवणाआधी ग्लास धुऊन ठेवू लागले. एखाद्या दिवशी तो नको म्हणाला की मी म्हणायचे, "घे की. मला उद्या पहिलंच लेक्चर आहे."

सकाळी उतरली की सगळं दुपटीने परत यायचं. रात्री नॉब बंद केला होता का, हे त्याला आठवायचं नाही. जे आठवत नाही ते अकरा वेळा करून भागत नाही. आकडा तेवीसवर गेला, मग चाळीसवर. कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न वाजवून निघून जायची. तशा सकाळी नकोशा व्हायच्या म्हणून रात्री एकाचे दोन पेग झाले, दोनाचे चार. नोकरीवर गदा आली तेव्हा मी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं.

"दारू घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "छे हो. आमच्या घरात चालत नाही."

त्यांनी गोळ्या दिल्या, आणि पुढच्या खेपेला गुण येत नाही म्हणून त्या वाढवल्या. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "सांगायला हवं होतं गं."

"मग तुला तोंड नव्हतं का?"

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, बस गाठायला निघालेला तो नॉब बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरला आणि पडला. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "दारू, तंबाखू?" मी म्हणाले, "काही नाही." ऑपरेशन नीट झालं.

तिसऱ्या दिवशी तो थरथरू लागला. चादरीवर मुंग्या आहेत म्हणाला. मग त्याची बोटं हवेत नॉब फिरवू लागली, बंद करायची, पुन्हा बंद करायची. डॉक्टर धावत आले. "हे रोज पितात का? रोजची दारू अचानक तुटली की असं होतं. नीट सांगा, उपचार त्यावर ठरतील." खाटेपाशी त्याच्या कंपनीतले दोघं फळं घेऊन उभे होते. मी म्हणाले, "नाही."

तासाभराने व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून मी खरं सांगितलं. रोज, चार, दोन वर्षं.

"ताई, आपण काय करता?"

"कॉलेजात मराठी शिकवते."

"मग 'हो' म्हणायला एक तास का लागला?"

त्यांनी औषध सुरू केलं. दादाचे हात बँडेजने खाटेला बांधले होते. संध्याकाळी थोडा शुद्धीवर आला. "नॉब बंद आहे? बघितलंस?"

"बघितलं."

"खोटं बोलतेस," तो म्हणाला. "नेहमीच बोलायचीस. जा, बघून ये."

मी दाराबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले. थोड्या वेळाने आत आले. "बंद आहे."

"कितीदा बघितलंस?"

"अकरा वेळा."

त्याने डोळे मिटले. ताप चढत गेला. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला.

त्याचे कपडे आणायला मी घरी आले. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं तसंच शेगडीवर होतं. सकाळी घाईत तापवून गेले होते. शेगडी बंद होती. मी वाकून ओट्याखाली पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. सिलिंडरचा नॉब उघडा होता. सकाळपासून. आणि घराला काहीही झालं नव्हतं.