हललेले हात

छायाचित्रांच्या प्रदर्शनात मी एका विडी वळणाऱ्या बाईच्या फोटोपुढे थांबलो. चेहरा स्पष्ट होता, हात मात्र पुसट आले होते. शेजारचा तरुण मित्राला म्हणाला, "हात हललेत बघ. बिघडलाय फोटो."

माझ्या आईने विड्या वळूनच मला शिकवलं. पदवी मिळाली तेव्हा मी मित्राचा कॅमेरा मागून घरी नेला होता. मांडीवरच्या सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "आत्ता नगं रं बाबा. हात रिकामं होऊ दे."

ते रिकामे झाले ती गेली त्याच दिवशी. घरात तिचा एकही फोटो नाही.

तरुण पुढे निघून गेला होता. फोटो बिघडलेला नाही, त्या बाईला थांबायला सवड नव्हती, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.