डावा गुडघा

बित्तू हल्ली जिना चढताना आकडे म्हणत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

लहानपणापासूनची सवय. आमच्या दारापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. शाळेतून यायची तेव्हा तिच्या आधी तिचा आवाज पोचायचा, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, आणि अठ्ठेचाळीसला दारावर थाप. नोकरी लागल्यावरही तेच, फक्त पुटपुटत. आता कठडा धरून वर येते, मधल्या वळणावर बसते, आणि मी दार उघडून उभी राहिले की विचारते, "आई, अजून किती आहेत ग?"

माझी ही एकुलती एक मुलगी चौतीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हा बित्तंभर होती म्हणून बित्तू, आणि पुढे उंचीनेही त्या नावाला खोटं पाडलं नाही. पाणी खात्यात मीटर रीडर. अकरा वर्षं झाली. पहिली आठ रोजंदारीवर, मग कायम. कायम झाली तेव्हा विमा मिळाला. त्याआधी आजारी पडायची सोय नव्हती, म्हणून पडत नव्हती, असं ती म्हणायची.

मीटर रीडर म्हणजे आकडा बघायचा आणि लिहायचा, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा दिवसभर तिच्याबरोबर फिरले. मीटर रस्त्याकडेच्या खड्ड्यात असतं, वर लोखंडी झाकण, झाकणावर माती नाहीतर गवत. हूक अडकवून झाकण उचलायचं, त्याच्या कडेवर गुडघे टेकायचे, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, फडक्याने काच पुसायची. काळे आकडे लिहायचे, लाल, म्हणजे सुटे लिटर, सोडून द्यायचे. उठायचं, पुढचं झाकण. अशी दिवसाला दीडशे. संध्याकाळी माझी कंबर धरली होती आणि ती वाटेत मला कोपराने ढोसत होती.

"तो बघ, चार हजार दोनशे अकरा."

"कोण?"

"तो चष्मेवाला ग. बायको भांडून माहेरी गेलीय. दोन महिने आकडा हलला नाहीये. आंघोळ तरी करतो की नाही, देव जाणे."

नावं तिच्या लक्षात राहत नसत. अख्खं गाव तिला आकड्यांनी पाठ होतं.

मऊ मात्र ती कधीच नव्हती. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं. एकदा ते लाडात येऊन म्हणाले, "बाळ, दहा युनिट कमी लिहिलेस तर तुझं काय जातं?" ही म्हणाली, "मास्तर, सहामाहीत मला एका मार्काने नापास केलंत, तेव्हा तुमचं काय जात होतं?" मास्तर वर्षभर बोलले नाहीत. आमच्या स्वतःच्या घरचं मीटर अडकलं, तेही खात्याला हिनेच कळवलं. मी कपाळाला हात लावला. "अगं, घरचं मीटर!"

"घर आपलं. मीटर खात्याचं."

कायम झाल्यावर तिला गावाबाहेरची नवी वसाहत दिली, कारण जुनी माणसं तिकडे जायला तयार नसत. खड्डे कमरेएवढ्या गवतात. आठव्या महिन्यात तिच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली, फुगून मटकीच्या दाण्याएवढी झालेली. मुकादमाने नखांनी उपटली आणि चपलेखाली रगडली. घरी येऊन हसत सांगत होती, "आई, माझ्यापेक्षा बारीक कुणीतरी खात्यात भरती झालंय."

मी ते वहीत लिहिलं. ही वही तिच्या जन्मापासूनची. घरातल्या प्रत्येकाचं दुखणं त्यात तारखेनिशी आहे, ताप किती, औषध कुठलं, उतार कधी. तिच्या वडिलांचा शेवटचा महिनाही त्यातच आहे.

पुढे ताप आला, गेला, परत आला. सांधे धरायला लागले. पहिला डॉक्टर म्हणाला व्हायरल. दुसऱ्याने विचारलं, वजनं उचलता का? तिसऱ्याने तिच्याकडे न बघता मला विचारलं, "लग्न झालंय का हिचं?" आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

माझी बहीण एक दिवस आली होती. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "तिला काही झालेलं नाही ग ताई. नोकरी कायम झाली की सगळ्यांचेच सांधे धरतात."

मी हसले. मोठ्याने हसले. बित्तू आतल्या खोलीत होती आणि मधला दरवाजा उघडा होता. बहीण गेल्यावर मी आत जाऊन तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हटलं, "ऊठ आता. पुरे झालं नाटक." ती उठली. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेली. मी मदत केली नाही. माझ्या मदतीने लाडावेल, असं मला वाटत होतं.

मग एका घराचं रीडिंग चुकलं. तीन हजार आठशे सतराच्या जागी तिने आठ हजार तीनशे सतरा लिहिलं. घरमालक बिल नाचवत कार्यालयात आला. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या कॅल्क्युलेटरमध्ये पाणी गेलं वाटतं," आणि सगळे खिदळले. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. बित्तूने आठवडाभर खपून आपलीच जुनी रीडिंगं तपासली आणि मुकादमाच्या टेबलावर कागद ठेवला. "अजून अकरा चुकलीत. माझीच."

त्या कागदावरून तिची फेरी काढून घेतली. आता ती भांडाराच्या खोलीत बसून पाकिटांवर शिक्के मारते. दारावरून जाणारा कुणी ना कुणी डोकावून विचारतो, "काय बित्तू, किती झाली?" तिला सांगता येत नाही, हे ठाऊक असतं म्हणूनच विचारतात. ती पहिल्यापासून मोजायला लागते.

शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गवतात काम करता का?" रक्त तपासलं, आणि शिरेतून औषध सुरू केलं, रोज एक बाटली. हा गोचिडीच्या चाव्याचा आजार, डोक्यापर्यंत पोचलाय, म्हणाल्या. चौथ्या आठवड्यात मी भांडी घासत होते आणि बित्तू मागून म्हणाली, "आई, चार हजार दोनशे अकराची बायको आली का परत?"

माझ्या हातातून ताटली पडली. ती पडलेली ताटली बघून ती खो खो हसली.

त्यानंतर पाचव्याच दिवशी विमा कंपनीने औषध बंद केलं. या आजाराला अठ्ठावीस दिवस ठरलेले आहेत, ते संपले. बाटल्या इतक्या महाग की आमच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. दोन महिन्यांत ती परत होती तिथे आली, आणि मग तिथूनही खाली.

गेल्या वर्षी कायदा झाला. गोचिडीच्या आजारावर डॉक्टर सांगतील तितके दिवस उपचाराचा खर्च विमा कंपनीने द्यायचा, दिवसांची मर्यादा घालायची नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी बातमी कापून फ्रिजवर चिकटवली. नकार द्यायला कायद्याने एकच जागा ठेवली होती. आजार विमा सुरू व्हायच्या आधीचा असेल तर. आमचा आधीचा नव्हता, म्हणून ती ओळ मी दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही.

कंपनीचं पत्र आलं, आजाराचा इतिहास कळवा. त्या दिवशी बित्तूचं डोकं जरा ठिकाणावर होतं. ती म्हणाली, "विचारलंय तेवढंच लिही, आई. काळे आकडे लिहायचे, लाल सोडून द्यायचे."

मी सगळी वही दिली. झेरॉक्स नाही, मूळ वही. मनात म्हटलं, बघू दे त्यांना, आईने किती लक्ष ठेवलंय. खिडकीतल्या मुलीने पानं उलटली. "अय्या, काय सुंदर अक्षर आहे हो काकू तुमचं! इतकं पद्धतशीर कुणी देत नाही. आमचं काम सोपं केलंत." मी तिला माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं. घरी येऊन बित्तूलाही सांगितलं, अक्षराचं कौतुक झालं म्हणून.

एकोणीस दिवसांनी नकार आला. सोबत माझ्याच वहीतल्या एका पानाची झेरॉक्स, त्यावर पिवळा पट्टा. विमा सुरू व्हायच्या चार महिने आधीची तारीख. 'डावा गुडघा सुजला. ठणका. झोप नाही.' पत्रात लिहिलं होतं, सांधेदुखी पूर्वीपासून असल्याचे कुटुंबाच्या स्वतःच्या नोंदीवरून दिसते.

त्याच पानावर खाली दोन ओळी आहेत. 'झाकणाची कड लागली. मिठाच्या पाण्याने शेकला, तिसऱ्या दिवशी उतरला.' त्यांवर पट्टा नव्हता.

मी फोन केला. त्याच मुलीने उचलला. "अय्या, काकू, तुम्ही! मी लगेच ओळखलं."

"अगं, खालच्या ओळी वाच ना. झाकणाची कड लागली होती."

"डॉक्टरांचा कागद आहे का तेव्हाचा?"

"डॉक्टर कशाला? घरीच शेकला मी."

"मग काकू, आम्ही तरी काय करणार? तुमच्याच अक्षरात आहे सगळं."

बित्तूने पत्र हातात घेतलं. ओळीखाली बोट धरून, शाळेतल्या मुलीसारखं, वाचलं.

"तू लिहिलंस हे?"

"हो."

"माझाच गुडघा?"

"हो, पण तो झाकणामुळे—"

"मग त्यांनी बरोबर लिहिलंय." पत्राची घडी घालून तिने मला परत दिलं. "कशामुळे, ते रीडिंगमध्ये येत नाही, आई."

त्यावर अपील केलं. तीन महिने गेले. मागच्या आठवड्यात अपील अधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्यांच्या लक्षात आलं की त्या पानावर कुणाचंच नाव नाही. वही सगळ्या घराची, माझं ब्लडप्रेशरही तिच्यातच आहे. तेव्हा वही जिने लिहिली तिने फोनवरून जबाब द्यावा, नोंद कोणाच्या गुडघ्याची आहे. जबाब टेप होईल. मुदत उद्या संपते. मी त्यांच्या कार्यालयातही विचारून पाहिलं, सूज कशाने आली ते सांगितलं तर चालेल का? नाही. नोंद कोणाची, एवढंच विचारलंय.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, अजून किती थांबता येईल? त्या म्हणाल्या, "काकू, आता औषध सुरू केलं तर बरंचसं परत येईल. आणखी सहा महिन्यांनी काय शिल्लक असेल, ते मला विचारू नका."

आज संध्याकाळी बित्तू खिडकीशी बसली होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं. काय करतेय ते मला पक्कं माहीत होतं.

"बित्तू, मागे एकदा गुडघा सुजला होता. आठवतंय तुला?"

तिने विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या पडल्या. "कुणाचा?"

ते पत्र तिने स्वतः वाचलं होतं. 'माझाच गुडघा?' हे तिचेच शब्द होते. तीनच महिन्यांपूर्वीचे.

"माझा," मी म्हटलं. "डावा. तू शेकून दिला होतास, मिठाच्या पाण्याने. विसरलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कुणी खोटा आकडा सांगितला की पूर्वी ती अशीच बघायची, आणि समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. मग तिची नजर निवली. ती खाली वाकली आणि तिने माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अजून दुखतो का ग?"

"कधीकधी."

"मग सांगायचं नाही का!" ती उठली, कठड्यासारखी भिंत धरत स्वयंपाकघरात गेली, आणि पातेल्यात पाणी तापत ठेवलं. मीठ कुठल्या डब्यात आहे ते तिला सापडेना. मी सांगितलं नाही. सगळे डबे उघडून बघितल्यावर सापडलं. जमिनीवर बसून तिने माझा धडधाकट गुडघा अर्धा तास शेकला, आणि मी तो शेकू दिला. मधूनच तिने विचारलं, "बरं वाटतंय?" मी हो म्हटलं.

आता ती झोपलीय. वही कंपनीकडे आहे, म्हणून हे सुट्या कागदांवर लिहितेय.

औषध लागू पडलं तर आकडे परत येतील, मागच्या वेळी आले होते. मग हा गुडघाही येईल. एखाद्या संध्याकाळी जिन्यात आवाज ऐकू येईल, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, आणि थाप मारून ती आत येईल आणि विचारेल की जबाबात काय सांगितलंस. अकरा चुका आपण होऊन टेबलावर नेऊन ठेवणारी मुलगी आहे ती. ती माझं तोंड बघणार नाही, आणि कदाचित त्या कार्यालयात जाऊन स्वतःच सगळं सांगूनही येईल. सांगू दे. तेवढं सांगण्याइतकी तरी बरी झालेली असेल.

कार्यालय नऊला उघडतं. नंबर पत्राच्या तळाशी आहे, मी तो फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. बित्तू साडेआठला शिक्के मारायला जाते. ती गेली की अर्धा तास थांबायचं, आणि बरोबर नऊला फोन लावायचा. गुडघा माझा होता. डावा. उजवा म्हणून चालणार नाही.