पडद्यावरची उपाशी माणसं

मुक्ताबाई टीव्ही लागायच्या आत जेवून घ्यायची. रोज. सुनेनं, दीपमालानं, तव्यावरून पहिली भाकरी उतरवली की ती पाट ओढून ओट्यापाशीच बसायची. भाकरीवर जे असेल ते घ्यायची, ताट स्वतः घासून पालथं घालायची, पदराला हात पुसायची आणि मग म्हणायची, "लाव आता." बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत बाकी सगळे मांडीवर ताट घेऊन मालिका बघत. तिला ते जमायचं नाही. समोर माणसं उपाशी असताना घास उतरत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"उपाशी कशावरून, आजी?" नातीनं, मेघानं, लहानपणी विचारलं होतं.

"मग जेवताना दिसलेत का कधी? ताटं वाढतेत, कुनीतरी रडतं, अन् समदे उठून जातेत. लई वर्सं बघू ऱ्हायले मी."

मेघानं त्या दिवसापासून लक्ष ठेवलं. खरंच कुणी जेवत नव्हतं.

मुक्ताबाई काही मन लावून बघणारी नव्हती. मध्येच येऊन टेकायची, मध्येच उठून जायची. शेवट चुकला तर हळहळ नाही. "शेवट काय, येतोच," म्हणायची. पण तिची मतं मात्र गल्लीभर फिरायची, आणि ती फिरवायचं काम शेजारच्या साळूबाईकडं. साळूबाई एकही भाग चुकवत नसे.

"मुक्ताबाई, कालचं पाह्यलं का? सुनेला आर्ध्या रात्री घराबाहेर काढलं वो सासूनं."

"येवढं सोनं अंगावर घालून झोपली व्हती का ती?"

"व्हय, मंगळसूत्र, नथ, समदं."

"मंग बरं झालं. भाईर जाऊन तरी मोकळी झोपंल."

साळूबाई पदर तोंडाला लावून हसली आणि ते सांगायला तशीच पुढच्या घरी गेली.

मुक्ताबाईचा मुलगा, साहेबराव, कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आला की मारामारीचे सिनेमे लावायचा. हीरो एका लाथेत माणसं उडवायचा, साहेबराव गुडघ्यावर थाप मारायचा. एकदा मुक्ताबाई म्हणाली, "त्यो पिवळ्या सदऱ्याचा उठला नाय आजून."

"माय, तो गुंडाय. मेला तो."

"आसंल. पर सदऱ्याला इस्त्री हाय. घरून कुनीतरी करून दिली आसंल."

साहेबरावानं चॅनेल बदललं. तिथं स्वयंपाकाची स्पर्धा चालू होती. परीक्षकांनी चमचाभर चाखून ताट बाजूला सारलं. मुक्ताबाईनं विचारलं, "उरलेलं कुठं जातं?" घरात कुणालाच माहीत नव्हतं. भुताच्या सिनेमात सगळे उशीत तोंड खुपसून बसले, तेव्हा ती एकटी सरळ बघत होती. पांढऱ्या साडीतली बाई दारावर धडका देत होती. "येवढं दार वाजवतीय," ती म्हणाली, "एकदा उघडून इचारा तरी, काय पायजेल बाई म्हनून."

पुढं मेघा युनिव्हर्सिटीत नाट्यशास्त्राला गेली आणि आजीची ही वाक्यं वर्गात सांगू लागली. मुलं पोट धरून हसत. मग एकदा तिनं सहज म्हणून तो मारामारीचा सिनेमा पुन्हा लावला आणि फक्त पिवळ्या सदऱ्याकडं बघत राहिली. तो पडला. कॅमेरा पुढं गेला, गाणं लागलं, लग्नं लागली. तो कुठंतरी पडूनच होता. रोजच्या वाटेवरच्या विहिरीत एखाद्या दिवशी वाकून बघावं आणि तळ दिसू नये, तसं तिला झालं. आजी रोज संध्याकाळी, पाय पसरून, गुडघे चोळत, इतकं बघत होती. त्यानंतर मेघानं ती वाक्यं हसण्यासाठी सांगितली नाहीत.

एम.ए. संपलं तेव्हा साहेबरावानं विषय काढला. नाटक झालं तेवढं पुरे, आता तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं. मेघा अडून बसली. तिला एका मालिकेत छोटं काम मिळालं होतं, जुन्या काळची गोष्ट होती, खुलताबादकडच्या एका गढीत शूटिंगही झालं होतं. दोन दिवस घरात भांडी जोरात वाजत होती. शेवटी साहेबराव म्हणाला, "येऊ दे तुझं काम टीव्हीवर. माय बघंल. ती व्हय म्हणली तर माझं काही म्हणणं नाही. नाय म्हणली तर तू अर्ज भरायचा."

त्या घरात ही चेष्टा नव्हती. मूळ गाव पिशोर सोडून इकडं यायचं, प्लॉट घ्यायचा, दीपमालाला सून करून घ्यायचं, सगळं मुक्ताबाईच्या शब्दावर झालेलं. आणि तिनं आजवर एकाही सिनेमाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. साहेबराव निश्चिंत होता.

"काम कसलं हाय गं?" दीपमालानं विचारलं.

"पाणी द्यायचं," मेघा म्हणाली. त्याहून जास्त तिनं सांगितलं नाही.

तिचं तिलाही ते गढीच्या पायरीवर उभं राहिल्यावरच नीट कळलं होतं. तिला पाटलाची सून केलेलं. अंगावर भरजरी लुगडं, हातात तांब्याची कळशी. खाली उन्हात एक म्हातारा, ओंजळ धरून. कळशी त्याला लागू न देता वरून पाणी ओतायचं होतं. वाक्य एकही नाही. म्हातारा जवळच्याच गावातून आणलेला, सकाळपासून उभा. मग सवयीनं तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्याचे ओठ खरोखरच सुकलेले तिला दिसले. ती ओतत राहिली. कळशी रिकामी होईपर्यंत.

भाग लागायचा त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, "जय भीम, जय भीम" करत माणसं दारात उभी. मुक्ताबाई जेवून, ताट पालथं घालून आपल्या जागी टेकली होती.

गढी दिसली. पायऱ्या दिसल्या. "आली, आली," साळूबाई म्हणाली, आणि तिचा वर झालेला हात तसाच राहिला. पडद्यावर पाणी पडत होतं.

साहेबराव उठला. "हे काम?"

मेघानं मान हलवली.

"आपल्या घरातली पोरगी. अन् वरून पाणी वतायला उभी केली."

"बाबा, कुणीतरी दाखवायला पाहिजे ना ते."

"त्यांच्या पोरींनी दाखवावं. तुला कशाला पायजे ती कळशी?"

"साहेबराव," मुक्ताबाई म्हणाली, "सरक मधून. दिसंना मला."

तो सरकला. तेवढ्यात दृश्य संपलंही होतं. पडद्यावर घोडे पळत होते. मुक्ताबाई नातीकडं वळली. "परत दाखव."

तिनं कधी काही परत बघितलेलं कुणाला आठवत नव्हतं. मेघानं मोबाइलवर तो भाग काढला आणि तिच्यासमोर धरला. म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. खोलीतली माणसं तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. मेघाला मात्र तिच्याकडं बघवेना.

"ह्यो पेला," मुक्ताबाई म्हणाली.

"काय?"

"पानी. खरंच पेला ह्यो. नरडं हालतंय बघ." ती पुन्हा बघत राहिली. मग मोबाइल मांडीवर ठेवला. "तू धार तुटू दिली नाय."

मेघा तिच्या शेजारी टेकली.

"पिशोरला आमी असंच प्यायचो. वतनारी घाईत असली का धार तुटायची. मंग पानी कोपरावरून खाली जायचं, पोटात नाय. आजून द्या म्हनायची सोय नव्हती. एक बाई व्हती. तोंड तिकडं करून उभी ऱ्हायची. बोलायची नाय. पर धार तुटू द्यायची नाय."

"चांगली होती म्हणायची मग," दारातून कुणीतरी म्हणालं.

"चांगली कशाची? कळशी वरच धरायची की ती. मी चांगली म्हनत नाय." मुक्ताबाईनं गुडघा चोळला. "पर तहान भागायची. तिचं नाव बी ठावं नाय मला. तिला कोन दाखवनार व्हतं, साहेबराव? तिच्या घरच्यांनी तरी पाह्यलं का तिला कधी?"

मेघाला वाटलं, आपण त्या म्हाताऱ्याकडं बघितलं होतं, तेवढंच. आजीला त्या पाण्याच्या मागं उभी असलेली, तोंड वळवलेली बाई दिसत होती. इतकी वर्षं ती तिला दिसतच होती.

साहेबराव उभाच होता. मग बसला. "म्हणजे व्हय का, माय?"

"व्हय. जाऊ दे तिला." मग तिनं मेघाला विचारलं, "त्या मानसाला नंतर जेवाया घातलं का त्यांनी?"

"घातलं, आजी. मी बसले होते शेजारी."

"बरं."

दिवाळीच्या आधी मेघाला कोल्हापूरला मोठं काम लागलं. साहेबरावानं स्वतः तिची बॅग स्टँडपर्यंत नेली. ती तिथंच असताना एका दुपारी फोन आला. मुक्ताबाई जेवून जरा आडवी झाली होती, ती उठली नाही. पुढचे कितीतरी दिवस गल्लीतल्या बायका मेघाला जवळ बसवून विचारत, तू निघताना आजी काय बोलली तुला. एवढी बोलणारी बाई, नातीला काहीतरी सांगून गेली असणार. मेघा सांगायची ते ऐकून त्या थोड्या हिरमुसत. तिला मात्र त्यात काही कमी वाटलं नाही. ती कोल्हापूरला निघाली त्या सकाळी मुक्ताबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मेघा पाया पडली, तेव्हा हातातली काडी न ठेवता ती म्हणाली, "येताना मोंढ्यातून ये. बारके, काटेरी वांगे आन. हितले समदे बियाचेच निघतेत."