रायबाच्या दोराचं दुसरं टोक

रायबाच्या अंगणात पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी देवाच्या मांडीवर बसलो.

मुद्दाम नव्हे. नगरच्या बोर्डिंगात शिकून, अंगात नवा काळा कोट चढवून, मिशनच्या शाळेचा मास्तर म्हणून मी नाका ओलांडून निजामाच्या मोगलाईत आलो होतो. आष्टीजवळचं लहानसं गाव. लिंबाखाली एक म्हातारा दोर वळत होता आणि त्याच्यासमोर तरटाची चौघडी घालून ठेवलेली. मास्तर येणार म्हणून आसन मांडलंय, अशी माझी समजूत झाली. मी ऐटीत टेकलो.

"मास्तर, उठा उठा! तितं मानूस बसलाय."

मी विंचू चावल्यासारखा उठलो. तरट रिकामं होतं.

"येशूबाची जागा हाय ती," रायबा म्हणाला. "तुमी हिकडं या, माझ्याजवळ. त्याला राग न्हाई यायचा, पर दाटी कावून करायची?"

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं वाखाच्या, घायपाताच्या तंतूंच्या, पेडाला पीळ देत जायचं. टोक धरणारा ढिला पडला की पीळ उलटा सुटतो आणि सकाळभराची मेहनत फुकट जाते. रायबाचं टोक तीस वर्षं त्याच्या बायकोनं, सखूनं, धरलं होतं. ती गेल्यावर त्यानं लिंबाच्या बुंध्यात खुंटी ठोकली आणि टोक त्या खुंटीला बांधलं. पण बांधताना रोज म्हणायचा, "धर रं येशूबा." मग दिवसभर त्या टोकाशी गप्पा. ऊन फार आहे, ज्वारीला कणीस धरलंय, शेजारचा बैल लंगडतोय. मधेच ओरडायचा, "ढील दिलीस बग!" लगेच हसून, "न्हाई न्हाई, माझाच हात चुकला. तू कशाला सोडतोस."

मला हे पटेना. मी परीक्षा पास झालेला माणूस. एकदा म्हणालो, "रायबा, येशूबा काय? प्रभू येशू ख्रिस्त म्हणावं."

"घरातल्या मानसाला पुऱ्या नावानं कोन हाक मारतं, मास्तर?"

यावर मी जोरात प्रार्थना केली. हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, असं सुरू करून बराच वेळ चाललो. आमेन झाल्यावर रायबानं हळूच विचारलं, "मास्तर, तुमी तहशीलदाराला दरखास्त देताय का?"

मी रागावलो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझ्या दरखास्तीवर कधी कुणी 'बोल' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

रायबाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. प्रभुभोजनाच्या पंगतीला बसायचं. त्याचा बाप्तिस्मा झाला होता, पण भाकर आणि द्राक्षरसाला बसायचं तर पाद्रीसाहेबांपुढे दहा आज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवाव्या लागत. "लोकांच्या लग्नात आमी पंगत उठायची वाट बगत भाईर बसायचो," तो म्हणायचा. "एकडाव येशूबानं सोताच्या हातानं वाढलेलं, संगं बसून खायाचंय. मग काय बी न्हाई मागायचं."

शिकवायचं काम माझं. तीन आज्ञा तो धडाधड म्हणायचा. चौथीला, शब्बाथाच्या दिवशी काम न करता विसावा पाळायच्या आज्ञेला, गाडी अडायची. तो तरटाकडे वळायचा. "पर येशूबा, तू तर शब्बाथाच्या दिशीच लोकांस्नी बरं केलतंस! मग मास्तरला सांग की." तिथून त्यांचं दोघांचं बोलणं सुरू व्हायचं आणि मी पुस्तक हातात धरून तिसरा माणूस होऊन बसायचो. पाचवी आज्ञा आम्हाला कधी दिसलीच नाही.

सुगी उरकली, वाटा वाळल्या आणि पाद्रीसाहेब वर्षाच्या फेरीला आले. रायबा धुतलेलं धोतर नेसून शाळेच्या दारात उभा. साहेबांनी त्याला काहीच विचारलं नाही, मलाच विचारलं, "मास्तर, ह्याची तयारी?"

मी कोटाचं बटण नीट केलं आणि म्हणालो, "कच्ची आहे."

खोटं नव्हतं ते. पण अजून ते तोंडातून जात नाही. साहेब रायबाला म्हणाले, "मग पुढच्या वर्षी." आत भाकर मोडली गेली, पेला फिरला. भोजन आटोपल्यावर बाहेर आलो तर रायबा उंबऱ्यापलीकडे तरट अंथरून त्याच्या शेजारी बसलेला.

"रायबा, मी..."

"खोटं कावून बोलाल तुमी? कच्चाच हाय मी." मग मला धीर द्यावा तसं म्हणाला, "येशूबा बी भाईर आलता माझ्यासंगं. म्हनलं, आत जा की. तर म्हनला, आत मास्तर हायेत."

टोमणा नव्हता तो. रायबाला टोमणे येतच नसत. म्हणून तो लागला.

पुढचं वर्ष मी रोज त्याच्याकडे गेलो. आज्ञा शिकवायला म्हणून जायचो आणि गप्पा ऐकून परत यायचो. थंडीत त्याला ताप भरला. एका दुपारी तो धडपडत लिंबाखाली आला आणि खुंटीचं टोक सोडून माझ्यापुढे धरलं. "मास्तर, जरा धरता का? येशूबा म्हनतोय, आज मास्तरला धरू दे."

मी धरलं. हातांनी आपोआप ताण घेतला, पीळ येईल तशी मूठ सैल केली, पुन्हा आवळली. रायबा माझ्या हातांकडे बघत राहिला.

"हात जानते हायेत की! कुनाचे तुमी?"

गावात कुणालाही सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. माझा बापही दोरच वळायचा. टोक धरायला मीच असायचो. बोर्डिंगात गेल्यावर ते हात मी कोटाच्या खिशात घातले होते.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "त्याला सांगून ठिवतो, आता मास्तर धरतील म्हनून."

चार दिवसांनी भर दुपारी रायबा गेला. अर्धा दोर लिंबाला तसाच ताणलेला. पाद्रीसाहेब यायला अजून दोन महिने होते. ती पंगत त्याला माझ्यामुळे मिळाली नाही. वर मिळाली असेल, असं लोक म्हणतात. मीही प्रवचनात म्हणतो. पण मला ती इथे, ह्या शाळेत, माझ्या शेजारी हवी होती.

ह्याला वीस वर्षं झाली. कोट जाऊन तिसरा आला, केस पिकले, दरखास्ती चालूच आहेत. ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितलीय की पोरं माझ्याआधी 'कच्ची आहे' म्हणून मोकळी होतात. परवा सांगून झाल्यावर मला काय वाटलं कोण जाणे. सकाळी तरटाची चौघडी केली, समोर ठेवली आणि बसलो. हे परमकृपाळू ओठावर आलं, ते गिळलं. मी नुसता त्या रिकाम्या तरटाकडे बघत राहिलो.

बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, बसवलंय ना त्यांना? मग बोला की काहीतरी. ऊन फार आहे म्हणा."