सात टेके

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जाऊ लागली. बिबवेवाडीच्या आमच्या वस्तीत दहा घरांना एक नळ होता, आणि पाणी यायच्या वेळी आई यार्डात असायची. आमचे हंडे भरायचे ते शेजारचे बळीरामकाका. वाशीमकडून आलेला माणूस, यार्डात रात्रपाळीचा हमाल. घरात एकटेच.

काकांची एक सवय होती. कुठलंही अंतर ते टेक्यांत सांगत. पाठीवरचं पोतं कठड्याला, ओट्याला टेकवून दम घ्यायचा, तो टेका. स्वारगेट किती लांब, असं विचारलं की आधी त्यांचाच प्रश्न यायचा, "काय नेतं?" रिकाम्या हाताला एक अंतर, साखरेच्या पोत्याला दुसरं.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा मीही विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच.

"पुस्तकं किती नेशील?"

"चार-पाच."

"मंग दोन टेके. एक कालव्याच्या पुलावर, एक सारसबागेच्या भिंतीले. पण तू काहून टेकशील वं? तुह्या पाठीवर तुही माय थोडीच हाय."

आईनं हे ऐकलं आणि आतून म्हणाली, "आहे हो, आहे. तिला कळत नाही अजून." मी दोन्ही टेके न घेता पोचले. तीन वर्षं तशीच चालत गेले आणि पदवी घेतली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

पुढे एका छोट्या छपाई कार्यालयात नकाशे आणि पत्रकं आखायची नोकरी लागली. एका रुग्णालयाचं पत्रक आलं, मेट्रोनं कसं यायचं ते दाखवणारं. मी मेट्रोची रेघ सरळ ओढली, स्टेशनं सारख्या अंतरावर बसवली. खाली फोन नंबरांच्या चौकटीला जागा हवी होती, म्हणून रुग्णालय उचलून स्टेशनाला चिकटवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'नकाशा प्रमाणात नाही'. साहेब खूश झाले. मी एक पत्रक घरी आणून काकांना दिलं. त्यांनी ते भिंतीला लावलं.

तोवर मिरचीच्या गाळ्यांतली धूळ काकांच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी त्याच रुग्णालयात पाठवलं. अकराच्या आत नाव लावायचं होतं. काकांनी भिंतीवरचं पत्रक काढून आणलं.

"ठेसनापासून किती टेके?"

"टेके कसले, काका? बाहेर पडलं की समोरच. हे बघा, बोटभर."

मी ते अंतर कधी चालले नव्हते. माझीच रेघ मी खरी धरली होती.

संध्याकाळी घरी आले तर काका आमच्या उंबऱ्यावर बसलेले. नाव लावायची वेळ टळून गेली होती, पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली होती. त्यांनी पत्रक मांडीवर पसरलं आणि स्टेशनावर अंगठा ठेवला.

"इथून इथी अंगठा जाते. म्या सात डाव टेकलो, पोरी. आन् पाठीवर काईच नोतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

रविवारी मी एकटी जाऊन ते अंतर चालले. स्टेशनाबाहेर रस्ता दुभाजकानं बंद. सिग्नलपर्यंत उलटं जायचं, पलीकडून तेवढंच परत यायचं, मग पुलाखालून चढ. मला सव्वीस मिनिटं लागली. कुठे टेकता येतं ते बघत गेले. वडाचा पार, बंद दुकानाची पायरी, पाण्याच्या टाकीचा कठडा. वाटेत धड बाक एकच.

महिन्यानंतर मी रजा टाकून काकांना रिक्षानं नेलं. निघताना ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे वं. लांब हाय ते." त्यांच्या तोंडून 'लांब' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झालाय म्हणाले. तो महिना गेला नसता तर फरक पडला असता का, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. दिवाळीच्या आधी काका गेले. ते उत्तर अजून माझ्याजवळ तसंच आहे.

पत्रक पुन्हा छापायला आलं. मी साहेबांना म्हटलं, चालायचं अंतर खरं दाखवायचं.

"खाली लिहिलंय ना, प्रमाणात नाही म्हणून?"

"ते वाचायला आधी बसायला जागा लागते, साहेब."

"आपण पत्रक काढतोय, पदयात्रा नाही."

मी फाईल दिली नाही. तीन दिवस दिली नाही. चौथ्या दिवशी रुग्णालयाकडून पत्रकाचं काम बघणाऱ्या बाई स्वतः आल्या. मी त्यांना ते अंतर चालवून आणलं. पारावर त्या आपण होऊन टेकल्या. उठताना म्हणाल्या, "फोनची चौकट मागच्या पानावर घ्या."

आता त्या पत्रकात रुग्णालय स्टेशनापासून दूर आहे. मधे तुटक रेघ आहे, तिच्यावर लिहिलंय: चालत सव्वीस मिनिटं, दम लागत असेल तर जास्त. रेघेवर सात ठिपके आहेत. तिथे बसता येतं.