धुरपताबाईच्या व्हॅनचं डोकं

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी लटारू गुरनुले व्हॅनच्या पुढच्या डाव्या सीटखाली खांद्यापर्यंत हात घालून पडला होता. त्याचं गॅरेज मूल गावाबाहेर गडचिरोली रस्त्यावर, म्हणजे चार खांबांवर टिनाचं छप्पर. मे २००९ मधला गुरुवार होता. दहानंतर त्या टिनाखाली माणूस भाजून निघतो, म्हणून अडचणीतलं काम त्याने आधी काढलं होतं.

व्हॅन पेट्रोलची, नऊ वर्षांची, धुरपता मांढरेची. काल संध्याकाळी ती ट्रॅक्टरमागे दोर बांधून आली होती. धुरपताबाई शेजारच्या दगडावर बसून होती. तिच्या गावच्या तलावात आता गुडघाभर पाणी उरलं होतं आणि वर्षाचं शेवटचं मोठं जाळं उद्या पहाटे टाकायचं होतं. मच्छीमार सोसायटीच्या बावीस घरांचा मासा बर्फात घालून चंद्रपूरच्या बाजारात पोचवणं तिच्या व्हॅनवर होतं. जाळं पुढे ढकलता येत नव्हतं, तापल्या पाण्यात मासे वर येऊन तोंड उघडू लागले होते. दुसरी गाडीही नव्हती. लग्नसराईत तालुक्यातली प्रत्येक जीप वऱ्हाडाला गेलेली, आणि वऱ्हाडाच्या गाडीत मासे कोण भरू देणार?

"लटारूभाऊ, होते का नाई तेवढं सांगा," ती म्हणाली.

"पाहून राह्यलो न बाई. डॉक्टरले बी नाडी पाहाले वेळ लागते."

लटारू पंचावन्नचा. उमेदीची अकरा वर्षं त्याने अहेरीकडे बांबूचे ट्रक दुरुस्त करण्यात घालवली. तिथे तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून दोष सांगायचा. पुढे मूल गावात कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे एक डबा ठरवू लागला आणि कानाचं काम कमी झालं. तेव्हा त्याने करंट मोजायचा मल्टिमीटर विकत घेतला आणि चाळिशी लावून एकेक वायर शिकत गेला. त्या डब्याला तो डोकं म्हणतो. त्याची एक सवय गावाला माहीत आहे. गेलेला भाग तो मालकाच्या हातात देतो आणि का गेला हे समजावल्याशिवाय दुसरा बसवत नाही. यात त्याचं दुपारचं जेवण थंड होतं. गिऱ्हाईक मात्र तुटत नाही.

चावी फिरवली की समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायला हवा आणि टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा. दोन्ही होत नव्हतं. फ्यूज ठीक, रिले ठीक, करंट डब्यापर्यंत येत होता. लटारूने सीटखालून डबा बाहेर काढला, चार स्क्रू खोलले आणि नाकाशी नेला. मासळीचा नव्हे, आंबट वास आला. आत हिरवट पापुद्रा चढला होता. बाहेरच्या पिना मात्र नुकत्याच घासलेल्या भांड्यासारख्या लखलखत होत्या.

"बाई, गाडी आतून कायनं धुता?"

"पाण्यानं."

"नुसत्या?"

"चिंचेच्या. हाताचा वास आमी चिंचेनंच काढतो, तसाच गाडीचा. परतीले बाजारच्या बाया बसवतो न. वास आला त नाक दाबून उतरून जाते."

"रोज?"

"रोज दोन बादल्या. दिवाळीले तुमीच त सांगतलं, गाडी आतून धुवत जा, मिठाबर्फाच्या पाण्यानं पत्रा सडते म्हणून."

लटारूने डबा पुन्हा उजेडात धरला. त्याने सांगितलं होतं, हे खरं. तीन आठवड्यांपूर्वी गाडी दोनदा बंद पडली तेव्हा पिना चमकताना पाहून त्याने स्वच्छतेचं कौतुकही केलं होतं, आणि डबा न उघडता परत बसवला होता. आता तो डबा त्याने तिच्या हातात दिला.

"हे तुमच्या गाडीचं डोकं. चिंचेनं खाल्लं. अर्धी चूक तुमची, अर्धी माही."

धुरपताबाईने तो उलटापालटा केला. "पाण्याची तांब्याची गुंडी चिंचेनं घासली त चमकते. हे काऊन सडलं?"

"गुंडी आपण धुवून, पुसून ठेवतो. इथी चिंच आत मुरत राह्यली, सात महिने."

डब्याचा संशय कालच आल्याने नागपूरहून जुना डबा त्याने रात्रीच फोन करून मागवला होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी एसटी आली आणि कंडक्टरने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल खाली दिलं. आकार तोच, प्लग तेच. लटारूने चाळिशी लावली आणि नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते.

"बसते न? मंग लावा," धुरपताबाई म्हणाली.

"बसते. गाडी चालू बी होईन. पण हे दुसऱ्या इंजिनाचं आहे, पेट्रोलचा हिशोब याचा वेगळा. जंगलात बंद पडली त मासे घेऊन रस्त्यावर बसान तुमी."

नागपूरवाल्याने फोनवर चूक मान्य केली. बरोबर डबा शनिवारी येणार होता. लटारूने पार्सल बांधून बाजूला ठेवलं, सायकल काढली आणि दादाजी चौखेंच्या घरी गेला. दादाजींकडे त्याच सालाची तशीच व्हॅन होती. ती शाळेची मुलं नेत असे आणि सुट्टीत अंगणात झाकून उभी होती.

"माह्या गाडीचं डोकं काढून मच्छीच्या गाडीले लावता?" दादाजींनी विचारलं. "वास लागला त पोरं ओरडतीन."

"डोक्याले नाक नसते भाऊ."

"अन् जळलं त?"

"एकेक वायर तपासल्याशिवाय लावत नाई. शाळा सव्वीस जूनले. शनिवारी तुमचं तुमाले परत."

दादाजी राजी झाले, पण सोबत आले, आणि येताना घरून खुर्ची आणली. लटारूने बॅटरीची तार सोडली, प्लग पेट्रोलने धुऊन वाळवले आणि वायरी मोजायला घेतल्या. अडीच तास गेले. पायपुसण्याखाली एका वायरचं कातडं पत्र्याला घासून निघालेलं सापडलं.

"हे तसंच राह्यलं असतं त?" दादाजींनी विचारलं.

"त तुमचं डोकं गेलं असतं."

दादाजींनी खुर्ची हातभर पुढे ओढली.

वायर गुंडाळून झाली. डबा मात्र लटारूने जुन्या जागी ठेवला नाही. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यात घातला, तोंड खाली ठेवलं, आणि गाडीच्या तळापासून हातभर उंच, सीटमागच्या पत्र्याला आवळला. मग बॅटरी जोडली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी त्याने धुरपताबाईलाच चावी फिरवायला सांगितलं. पिवळा दिवा लागला. पंप दोन सेकंद गुणगुणला. पुढच्या झटक्याला इंजिन सुरू झालं. लटारूने सवयीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि काढला.

"आता बादली नाई," तो म्हणाला. "ओलं फडकं मारायचं."

"अन् वास?"

"खिडक्या उघड्या ठेवा."

"बाया उतरून जातीन."

"जाऊ द्या. दोन दिवसांनी चढतीन. एसटीत कोन त्यायले अत्तर लावून बसवते?"

धुरपताबाई पहिल्यांदा हसली. दादाजी खुर्ची उचलून व्हॅनच्या मागच्या बाजूला गेले, ती आत ठेवली आणि पुढच्या डाव्या सीटवर येऊन बसले.

"तुमी कुठी?" तिने विचारलं.

"माहं डोकं जाते तिथी. शनिवारपर्यंत हे एकटं फिरनार नाई."

"बर्फाच्या पेट्या उचलाव्या लागतीन."

"उचलतो."

लटारूने हात रॉकेलने धुतले आणि सकाळपासून झाकून ठेवलेला जेवणाचा डबा उघडला. भाकर वाळली होती.

चंद्रपूरचा मच्छी बाजार उद्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. तलावाच्या काठापासून तो त्रेपन्न किलोमीटरवर आहे. जाळं अडीचला पडेल, आणि व्हॅन सव्वाचारला निघेल.